श्यामला टेकडीवरची बिऱ्हाडं

भोपाळला गेलेला मराठी माणूस सांचीचा स्तूप बघतो, भीमबेटकाची गुहाचित्रं बघतो, मोठ्या तलावात बोटीने एक चक्कर मारतो, सकाळी पोहे-जिलेबी खातो आणि पंजाब मेलने परततो. यात वावगं काही नाही. पण तलावाच्या काठाकाठाने श्यामला टेकडीचा रस्ता धरला, तर एवढ्याशा परिसरात तीन मोठी संग्रहालयं लागतात. राष्ट्रीय मानव संग्रहालय, भारत भवन आणि जनजातीय संग्रहालय. तिघांचाही विषय बराचसा एकच : जंगलात, डोंगरात, गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांचं जगणं आणि त्यांची कला. उत्तरं मात्र तिघांची तीन. दुसऱ्याचं जगणं मांडायचं तर ते कोणी मांडायचं, कोणासाठी मांडायचं, आणि ज्याचं आहे त्याने तिथे पाहुणा म्हणून यायचं की घरचा म्हणून, हा तो प्रश्न.

माझा भाऊ नोकरीपायी भोपाळला गेला आणि तिथलाच झाला. त्यामुळे माझं तिथे जाणं-येणं असतं, पण ते पाहुणीचं. जेवणं, खरेदी आणि नातेवाइकांच्या चौकशा यांत दिवस संपतात. या खेपेला मी ठरवून संग्रहालयांसाठी गेले, आणि सोबतीला भाचीला घेतलं. ती चौथीत आहे. तिचं मराठी अस्सल भोपाळी वळणाचं. “आत्या, तो घर किती मोठा आहे बघ ना!” असं ती बिनदिक्कत म्हणते, आणि वहिनीने सुधारलं की “हां, तेच ते” म्हणून पुढे जाते. संग्रहालय म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, तिथे हात लावू देतात का. शाळेच्या सहलीत तिने जे संग्रहालय पाहिलं होतं, तिथे तोंडावर बोट आणि हात मागे, अशी ओळ करून सगळ्यांना फिरवलं होतं.

मानव संग्रहालयात आत शिरल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं, कारण समोर इमारत दिसत नाही. तलावाकडे उतरत जाणारी सुमारे दोनशे एकरांची टेकडी, झाडं, पायवाटा, आणि वळणावळणावर घरं. ही संस्था १९७७ साली दिल्लीत सुरू झाली आणि लवकरच भोपाळला आली. जागा निवडली तीही साधी नव्हे. या टेकडीच्या खडकांत आदिमानवाने रंगवलेली शैलाश्रयं आहेत. म्हणजे माणसाचं संग्रहालय उभं राहण्याच्या हजारो वर्षं आधीच इथल्या भिंतींवर माणसाने आपली नोंद करून ठेवली होती.

ही घरं म्हणजे नमुने नाहीत, म्हणजे काचेमागे ठेवतात तशा लहान प्रतिकृती नाहीत. पूर्ण मापाची, माणसं राहतील अशी घरं आहेत. आसाममधली, ओडिशातली, निलगिरीतली, गुजरातेतली. ती सरकारी कंत्राटदाराने बांधलेली नाहीत. त्या त्या समाजातली माणसं आपापली हत्यारं घेऊन इथे येऊन राहिली, आणि गावी बांधतात तशीच त्यांनी ती बांधली. हिमालयातल्या घरांचं एक गाव, वाळवंटातल्या घरांचं एक, समुद्रकाठचं एक, असे टेकडीचे भाग पडलेले आहेत. नागांच्या तरुणांचं मोरुंग, म्हणजे गावातल्या पोरांनी एकत्र राहायची, शिकायची जागा, तीही इथे आहे.

वारल्यांच्या घरासमोर माझी पावलं आपोआप थांबली. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, आणि गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. डहाणू-जव्हारच्या बाजूला फिरताना पाहिलेलं घर इथे माळव्याच्या उन्हात उभं. आज वारली चित्रं पिशवीवर, पडद्यावर, पेल्यावर सगळीकडे असतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली, त्याचा हा पसारा. पण मुळात हे चित्र लग्नघरातलं. सवाशिणी भिंतीवर देवचौक काढतात, पालघट देवीला बसवतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि मगच लग्न लागतं. चित्राच्या आधी भिंत आणि भिंतीच्या आधी घर, हा क्रम पिशवीवरचं चित्र बघून कधीच कळत नाही. इथे आत वाकून शिरल्यावर कळतो.

“आत जाऊ का?” भाचीने रखवालदाराला विचारलं, हिंदीत. तो म्हणाला, “जूते उतारकर जाओ बेटा.” एवढ्यावर तिचा त्या जागेशी करार झाला. आत अंधार आणि गारवा. ती भिंतीला पाठ लावून बसली, जमिनीवरून हात फिरवला, वर बघितलं.

“खिडकी नाही?”

“नाही. धूर छपरातून जातो, उजेड दारातून येतो.”

“इथे कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“मग घर कशाला बांधला?”

हा प्रश्न संग्रहालयशास्त्राच्या जाणकारांनीही विचारलेला आहे, अर्थात जास्त अवघड शब्दांत. माणसाशिवायचं घर दाखवून माणसाबद्दल काय कळणार? मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण खरं उत्तर थोडं पुढे, उतारावरच्या दुसऱ्या एका घराशी मिळालं.

तिथे दोन बायका आणि एक पुरुष काम करत होते. ओडिशाकडून आले होते, दुरुस्तीला. मातीचं घर हे वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीने फार गैरसोयीचं प्रकरण आहे. तांब्याची मूर्ती कपाटात ठेवली की शंभर वर्षं तशीच राहते. मातीच्या भिंतीला दोन पावसाळे पुरतात, गवताच्या छपराला त्याहून कमी, आणि लाकडाला वाळवी लागते ती वेगळीच. तेव्हा ही घरं टिकवायची तर बांधणाऱ्यांना पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. त्यातली वयाने मोठी बाई भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत चालली होती. जिथे आवाज पोकळ येई तिथे थांबायची, नखाने लेप उकलायची आणि खालचा भाग ओला करायची. मग तुसाची माती तळहातावर घेऊन खालून वर, अर्ध्या चंद्राच्या आकारात एकच फटकारा. त्याच्या शेजारी दुसरा, पहिल्याच्या कडेवर थोडा चढवलेला. कडा जुळल्या की ओल्या हाताने पुसून घ्यायचं. भिंत अशी दुरुस्त झाली की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे कळत नाही.

भाची तिथून हलेना. बाईने न बोलता मातीचा गोळा पुढे केला. पोरीने बाही वर केली आणि थापला. तो भिंतीवर क्षणभर राहिला आणि खाली पडला. बाई हसली, तिचा हात धरून तळवा कसा वळवायचा ते दाखवलं. दोघींमध्ये एक शब्दही समान नव्हता, कारण बाईला हिंदी जेमतेम येत होतं. दुसरा गोळा चिकटला. आम्ही थोडं पुढे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर बाईने तो काढून पुन्हा नीट बसवला होता. काम म्हणजे काम. पाहुण्यांचं कौतुक वेगळं आणि भिंत वेगळी.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. घर कोणी राहावं म्हणून उभं नाही, कोणी पुन्हा यावं म्हणून उभं आहे. त्या बाईला तिकीट काढावं लागत नाही, मजुरी मिळते, आणि काय बरोबर आणि काय चूक हे तिथे तीच सांगते. संग्रहालयातला विद्वान अधिकारी तिच्या टकटकीपुढे गप्प. याच संस्थेचा ‘करो और सीखो’ नावाचा एक उपक्रम आहे, त्यात कारागीर येऊन शहरातल्या लोकांना आपली कला हाताने शिकवतात. त्याचं मर्म मला त्या एका गोळ्यात दिसलं.

टेकडीवर ‘वीथी संकुल’ नावाची मोठी बंदिस्त इमारतही आहे. आत उत्तम वस्तू आहेत, मुखवटे, दागिने, वाद्यं. पण तिथे भाचीचा वेग एकदम वाढला. उघड्या घरांमध्ये पावलोपावली थांबणारी पोरगी काचेच्या कपाटांपुढून भराभर निघाली. वस्तू कमी दर्जाच्या होत्या असं नव्हे. तिला तिथे करायला काही नव्हतं.

भारत भवनात आम्ही दुपार कलल्यावर गेलो. चार्ल्स कोरिया यांनी हे असं बांधलंय की रस्त्यावरून इमारत दिसतच नाही. पायऱ्या आणि गच्च्या उतरत तलावाकडे जातात आणि दालनं त्यांच्या पोटात. १९८२ साली ते उघडलं तेव्हा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी इथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात एक धाडस केलं. शहरातल्या नामवंत चित्रकारांची कामं आणि खेड्यापाड्यांतल्या आदिवासी कलावंतांची कामं त्यांनी एकाच छताखाली, एकाच मानाने मांडली. त्याआधी आदिवासी वस्तूची जागा मानववंशशास्त्राच्या कपाटात असे. वस्तूखाली जमातीचं नाव, कलावंताचं नाही. इथे नाव आलं.

त्यातलं सर्वांत मोठं नाव जनगढसिंह श्याम. पाटनगढ या गोंडांच्या गावातला तरुण. स्वामीनाथन यांनी गावोगाव पाठवलेल्या मंडळींना तो सापडला, भोपाळला आला, आणि त्याच्या ठिपक्यांच्या-रेघांच्या चित्रांतून एक नवी शैलीच जन्मली. तिला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात, आणि त्याच्या गावातली कितीतरी घरं त्या चित्रकलेवर चालतात. पण त्याची गोष्ट सुखान्त नाही. २००१ साली, घरापासून फार लांब, जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने आपलं आयुष्य संपवलं. संग्रहालय माणसाला मोठं करू शकतं आणि एकटंही पाडू शकतं. कलावंताला भिंत देणं हा सेवेचा अर्धा भाग झाला. त्याची भाषा बोलणारं, त्याची विचारपूस करणारं कोणी जवळ असणं हा उरलेला अर्धा.

दुसरं नाव भूरीबाई. झाबुआकडच्या या भिल्ल बाईची गोष्ट भोपाळमध्ये बहुतेकांना ठाऊक आहे. भारत भवन बांधलं जात होतं तेव्हा ती तिथे मजुरी करत होती. स्वामीनाथन यांनी तिला विचारलं, तुमच्याकडे भिंतींवर चित्रं काढतात ना, मग इथे काढशील का? तिने काढलं, आणि पुढे काढतच राहिली. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. ज्या भिंतीसाठी विटा वाहिल्या, तीच भिंत आपल्या चित्रासाठी मिळणं ही फार थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट.

तिची ती सगळी कहाणी जनजातीय संग्रहालयात एका लांबलचक भिंतीवर आहे, तिनेच रंगवलेली. भाचीने ती कॉमिक वाचावं तशी डावीकडून उजवीकडे वाचत नेली. झाडं, गुरं, सरपण, मग शहर, डोक्यावरचं ओझं, मग रंग. मी मध्ये मध्ये सांगायला गेले तर म्हणाली, “आत्या, मला समजतोय.” खरंच समजत होतं. त्या भिंतीला पाटीची गरज नाही.

जनजातीय संग्रहालय २०१३ साली सुरू झालं. वास्तुरचना रेवती कामथ यांची. दगड-मातीच्या भिंती आणि लोखंडी खांब, मधून मधून मोकळं आकाश, आणि चालताना कुठे आत आहोत आणि कुठे बाहेर हे सांगता येऊ नये अशी रचना. पण माणूस थक्क होतो तो आतल्या मांडणीने. गोंड, भिल्ल, कोरकू, बैगा, भारिया, सहरिया, कोल, या मध्य प्रदेशातल्या जमातींच्या कलावंतांनीच ही दालनं घडवली. इथे जुनी वस्तू आणून ठेवलेली फारशी नाही. कलावंतांना मोठी मोकळी जागा दिली आणि आपलं जग उभं करायला सांगितलं. त्यामुळे पुरातन वस्तू बघायला आलेल्या जाणकारांची थोडी निराशाही होते. सगळं नवं, रंगीत, प्रचंड आकाराचं. एका ओळखीच्या अभ्यासकाने मला सांगितलं होतं, “तो सेट आहे, संग्रहालय नव्हे.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. गरिबी, विस्थापन, धरणाखाली गेलेली गावं, जंगलखात्याशी रोजचा झगडा, यांतलं फारसं काही या झगमगाटात दिसत नाही. दिसतं ते देव, लग्न, शेती, खेळ आणि गोष्टी.

पण गोष्टी काय गोष्टी आहेत! बांबू कसा जन्माला आला त्याची एक कथा इथे मांडलेली आहे, बांसिन कन्येची. सात भावांची एक बहीण. भाजी चिरताना तिचं बोट कापलं, रक्ताचा थेंब भाजीत पडला, आणि भावांना ती भाजी इतकी रुचली की त्यांनी बहिणीलाच मारायचं ठरवलं. धाकट्याला ते सोसलं नाही. त्याने आपला वाटा जमिनीत पुरला आणि तिथून बांबू उगवला. तिथल्या मदतनीस मुलीने ती भाचीला सांगितली, काही न लपवता. मी धास्तावले, रात्री झोपणार नाही ही. भाची मात्र दोनदा म्हणाली, “पुन्हा सांग ना.” तिला भीतीपेक्षा धाकट्या भावाची काळजी जास्त होती. मुलांसाठी म्हणून आपण गोष्टी सपक करतो, पाट्या सोप्या करायच्या ऐवजी मजकूरच पातळ करतो. मुलांना गोष्ट सपक चालत नाही. भाषा सोपी लागते.

आणि पाट्यांचं तिथेच अडतं. मला दिसलेल्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी, आणि हिंदी अशी संस्कृतप्रचुर की चौथीतल्या, हिंदीतच वाढलेल्या पोरीने दुसऱ्या ओळीला हात टेकले. पाट्या लावल्यात तेही मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. ज्या गोंडी, भिल्ली, कोरकू बोलणाऱ्या लोकांनी हे सगळं उभं केलं, त्यांच्या भाषेतली एक ओळ मला कुठे आढळली नाही. भिंत त्यांची आणि मथळा दुसऱ्याचा.

याची कसर निघाली ती खेळांच्या दालनात. ‘रक्कू’ नावाचं हे दालन आदिवासी मुलांच्या खेळांचं आहे. आम्ही तिथे होतो तेव्हा शाळांच्या दोन सहली एकदम आल्या. एक शहरातल्या शाळेची, टाय आणि बूट, बाईंच्या हातात यादी. मुलांना वहीत टिपून घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे ती पाट्या उतरवून घेत होती आणि वर बघतच नव्हती. दुसरी कुठल्यातरी आदिवासी वसतिगृहाची, चपला आणि एकसारखे निळे शर्ट. या मुलांनी वह्या काढल्याच नाहीत. ती सरळ खेळांकडे गेली आणि भांडायला लागली. बांबूच्या उंच काठ्यांवर उभं राहून चालायचा खेळ असतो, गेडी. तो तिथे मांडलेला बघून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “हमारे यहाँ इससे ऊँची बनती है.” दुसरा म्हणाला, पाय ठेवायची खुंटी चुकीच्या जागी आहे. तिसऱ्याला ते पटलं नाही. भाची जवळ जाऊन उभी राहिली. पहिल्याने तिला काहीही न विचारता समजवायला सुरुवात केली : आधी डावा पाय, मग धाव घ्यायची, थांबलं की पडतो, पाऊस पडून चिखल झाला की मजा असते. टायवाली काही मुलं वह्या मिटून ऐकायला आली. त्यांच्या बाईंनी आधी हटकलं आणि मग, हे त्यांना मानलं पाहिजे, स्वतःही ऐकत उभ्या राहिल्या.

शाळेत हा मुलगा कदाचित मागच्या बाकावर बसत असेल, हिंदीच्या चुका म्हणून लाल रेघा खात असेल. त्या दालनात पाच-दहा मिनिटं तो मास्तर होता, कारण तिथला अभ्यासक्रम त्याच्या अंगणातला होता. संग्रहालयात येऊन तो नवीन काय शिकला ते मला सांगता येणार नाही. पण आपल्याला जे येतं ते येण्यासारखं आहे, हे त्याला तिथे कळलं असावं, आणि टायवाल्या मुलांनाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, बैरसिया रोडच्या बाजूला, एक चौथं संग्रहालय आहे. तिथे भाचीला न्यायचं की नाही यावर घरात बराच खल झाला. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतली माणसं हजारोंनी मेली. त्यातून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी तीस वर्षांनी, २०१४ साली, ‘रिमेंबर भोपाल’ हे छोटेखानी संग्रहालय उभं केलं. सरकारचे किंवा कुठल्या कंपनीचे पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून. वहिनीचं म्हणणं, एवढ्या लहान वयात कशाला. भावाचं म्हणणं, ती याच गावात वाढतेय आणि शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीची आजी त्या रात्रीपासून धड श्वास घेऊ शकत नाही. हिला ते कुठून तरी कळणारच. शेवटी नेलं.

खोल्या साध्या घराच्या. गेलेल्या माणसांचे कपडे, लहान मुलांच्या वस्तू, फोटो, मोर्चांचे फलक. वस्तूंशेजारी जुन्या धाटणीचे टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले. उचलून कानाला लावायचा, की ती वस्तू देणारा माणूस बोलू लागतो. लेखी मजकूर मागे आणि आवाज पुढे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा कितीतरी बायका या लढ्यात पहिल्या ओळीत होत्या. त्यांचं म्हणणं कुणी भाषांतर करून, संपादन करून पाटीवर लावण्यापेक्षा त्यांच्याच तोंडून ऐकवायचं, ही साधी पण नेमकी सोय. भाचीने एक रिसीव्हर उचलला, थोडा वेळ ऐकला, जागेवर ठेवला. मग दुसरा उचलला. बाहेर आल्यावर तिने दोनच गोष्टी विचारल्या. कंपनीला शिक्षा झाली का, आणि त्या दादीला आता औषध मिळतं का. दोन्हींची उत्तरं देताना भावाची जीभ अडखळली. मुलांना अशा ठिकाणी नेऊ नये असं आपल्याला वाटतं, त्यात त्यांच्या काळजीइतकीच आपल्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची धास्तीही असते.

परतीच्या गाडीत आपल्याकडच्या संग्रहालयांचा विचार येणं साहजिक होतं. आपल्याकडे ती कमी नाहीत. नागपूरचा अजब बंगला १८६३ पासूनचा. पुण्यात दिनकर केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींच्या मागे न लागता घरोघरचे दिवे, अडकित्ते, फण्या, खेळणी जमवली आणि त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. रोजच्या वापरातली वस्तू जपण्याजोगी असते हे मराठी माणसाला त्यांनी दाखवलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एका बसमध्ये फिरतं संग्रहालय काढलं; जी मुलं संग्रहालयापर्यंत पोचू शकत नाहीत त्यांच्या शाळेच्या दारात ती बस उभी राहते. आणि २०१९ साली त्याच आवारात गोरखचिंचेच्या जुन्या झाडाजवळ खास मुलांसाठी वेगळं संग्रहालय झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण मेळघाटातली कोरकू पोरगी भोपाळच्या दालनात आपल्या सरहद्दीपलीकडच्या भाऊबंदांनी घडवलेलं काम बघू शकते. तिच्या जिल्ह्याच्या गावी, तिच्या आईने सारवलेली आणि तिला स्वतःला हात लावता येईल अशी भिंत कुठे आहे? बस तिच्या शाळेत वस्तू घेऊन येईल. तिच्या गावातून वस्तू, गोष्ट किंवा खेळ घेऊन परत जाईल, तेव्हा फेरी पूर्ण झाली म्हणता येईल.

संग्रहालयाचा हिशेब आपण वर्षाला किती लोक आले यावरून मांडतो. भोपाळच्या टेकडीवरून उतरताना मला वाटलं, दुसरा एक रकाना हवा : ज्यांचं जगणं इथे मांडलंय त्यांच्यापैकी किती जण वर्षभरात कामाला, सांगायला, भांडायला परत आले. ओडिशाची ती बाई त्या रकान्यात येते, गेडीची खुंटी चुकली म्हणणारा मुलगा येतो, टेलिफोनमधला आवाजही येतो. नुसती गर्दी त्यात येत नाही. अंदाजपत्रकात नव्या इमारतीच्या आधी माती, गवत, परत येणाऱ्यांच्या प्रवासखर्चाचे पैसे आणि मुलांना वाचता येतील अशा पाट्या बसल्या, तर हा रकाना भरणं काही अवघड नाही.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. ऊन सोसवतं आणि टेकडी हिरवी असते. सोमवार टाळा, टेकडीवरची तिन्ही ठिकाणं त्या दिवशी बंद असतात. मानव संग्रहालयाला अख्खा दिवस द्या, चालायची तयारी ठेवा, आणि कुठे दुरुस्तीचं काम चालू असेल तर आधी तिकडे वळा. सोबत मूल असेल तर त्याच्या हातात वही देऊ नका. आणि दालनात एखादं पोर, हे असं नसतं, आमच्याकडे वेगळं असतं, असं म्हणताना ऐकू आलं, तर पाटी वाचणं थांबवून त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा.